सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय व्हर्जन २: गिग करणाऱ्या हौशी बेसिस्टसाठी रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू स्टुडिओवाल्यांसाठी नाहीये. ज्यांचा बँड हौशी आहे, दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी प्रॅक्टिसला जमतात आणि अधूनमधून कुठेतरी स्टेजवर वाजवतात, जिथे आपल्या आधी एक बँड, आपल्या नंतर एक बँड, आणि मधल्या दहा-पंधरा मिनिटांत वायरी जोडायच्या, लाइन चेक (प्रत्येक वाद्याचा आवाज मिक्सरपर्यंत येतोय का ते बघणं) उरकायचा आणि लगेच पहिलं गाणं सुरू करायचं, अशा बेसिस्टसाठी लिहितोय. त्यांनी टेक २१ कंपनीचं हे पेडल घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तोटे पण आहेत, तेही सांगतो.

मुळात आपला प्रॉब्लेम काय असतो बघा. गिटारवाला स्वतःचा छोटा अँप घेऊन येतो, ड्रमर स्वतःचे सिंबल आणतो, पण बेसचा अँप म्हणजे अवजड प्रकरण. जुन्या काळचा अँपेग एसव्हीटी, जो १९६९ साली आला, ३०० वॉटचा, त्याचा नुसता हेडच, म्हणजे स्पीकर सोडून अँपचा डबा, ३५ किलोच्या वर जातो आणि त्याच्याखाली आठ स्पीकरचं कपाट (कॅबिनेट) वेगळं. आवाज त्याचा लाजवाब, वादच नाही, पण तो दोन जिने चढवून न्यायचा आणि रात्री परत उतरवायचा म्हणजे कंबरडं मोडतं. आता क्लास डी वाले हलके हेड मिळतात, अगदी खांद्याच्या बॅगेत बसणारे, पण कॅबिनेट तर लागतंच ना. मग होतं काय की स्टेजवर जो अँप ठेवलेला असेल तो वापरायचा. तो कुठल्या कंपनीचा असेल, कोणी त्याचे नॉब कसे फिरवून ठेवले असतील, एखादा स्पीकर फाटका असेल का, काहीच माहीत नसतं. आणि समजून घ्यायला वेळही नसतो.

त्यात अजून एक गोष्ट. जिथे पीए सिस्टिम, म्हणजे लोकांसाठीचे मोठे स्पीकर आणि मिक्सर, बऱ्यापैकी आहे तिथे लोकांना ऐकू जाणारा बेस हा तुमच्या अँपमधून जातच नाही, तो डीआयमधून, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला देण्यालायक करणाऱ्या डब्यातून, मिक्सरला जातो आणि समोरच्या मोठ्या स्पीकरमधून येतो. स्टेजवरचा अँप फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावं म्हणून. म्हणजे ज्या गोष्टीवर आपण सगळा पैसा आणि घाम घालतो ती लोकांपर्यंत पोचतच नाही, आणि जी पोचते ती साउंडवाल्याच्या पेटीतला कुठलातरी डीआय बॉक्स ठरवतो. हे एकदा नीट लक्षात आलं की गियर घेण्याचा क्रमच बदलतो. आधी डीआय आणि प्रीअँप (आवाज घडवणारा भाग), मग अँप.

सॅन्सअँप ही सर्किटं बी. अँड्र्यू बार्टा यांनी बनवली, पहिला सॅन्सअँप १९८९ चा. ट्यूब अँप, त्याचा स्पीकर आणि त्याच्यासमोर लावलेला माइक, या सगळ्याचा मिळून जो आवाज येतो तो एका छोट्या अ‍ॅनालॉग डब्यातून काढायचा ही कल्पना. बेस ड्रायव्हर हे त्याचं बेससाठीचं रूप, आणि व्हर्जन २ मध्ये जे दोन-तीन बदल केलेत त्यांच्यामुळेच मी हे लिहायला बसलोय.

जुन्या व्हर्जनमध्ये मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, नॉबच नव्हता. बेस होता, ट्रेबल होता, प्रेझेन्स (वरची धार) होता, आणि एकूण आवाजाची ठेवण अशी की मधला भाग आत गेलेला. घरी एकटं वाजवताना हा आवाज फार भारी वाटतो, खाली गडगडाट, वर चकाकी. पण दोन गिटार, एक कीबोर्ड आणि जोरात वाजवणारा ड्रमर आला की बेस गायब. का, तर लोअर ई तारेचा मूळ सूर फक्त ४१ हर्ट्झचा असतो, तो बऱ्याच स्पीकरमधून धड निघतही नाही, कानाला बेस कळतो तो त्याच्या वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे शंभर-दोनशेपासून पुढे हजारपर्यंतच्या पट्ट्यात. तोच पट्टा कापला तर राहतं काय? नुसती घरघर. व्हर्जन २ ला मिडचा नॉब दिलाय आणि सोबत एक स्विच, ५०० किंवा १००० हर्ट्झ. बेसच्या नॉबलाही स्विच आहे, ४० किंवा ८० हर्ट्झ. बस, एवढ्याने हे पेडल बँडमध्ये वाजवण्यालायक झालं असं मी म्हणतो.

माझं सेटिंग सांगतो, पॅसिव्ह (आत प्रीअँप नसलेल्या) प्रिसिजन टाइप बेसवर. बेस शिफ्ट ८० वर, नॉब घड्याळाच्या बाराच्या किंचित पुढे (नॉबचे पुढचे आकडेही असेच घड्याळाचे). ४० वर ठेवलं तर एकट्याने वाजवताना छाती दणाणते, पण छोट्या हॉलमध्ये तो भाग भिंतींवर आपटून नुसता घुमतो आणि किक ड्रम कुठला आणि बेस कुठला हे कळेनासं होतं, त्यामुळे ४० मी मोकळ्या मैदानातच वापरतो, तेही थोडंच. मिड ५०० वर, नॉब साधारण दोन वाजता. इथे बेसला अंग येतं, गिटारच्या खाली भरीव बसतो. बोटांचा टकटक आवाज पुढे हवा असेल, पिकने वाजवत असाल किंवा स्लॅप असेल तर १०००. ट्रेबल बाराला. प्रेझेन्स मात्र जपून, दहाच्या वर नेला की तारांवर बोट सरकल्याचं सगळं खरखर करत पीएमधून बाहेर पडतं, नव्या तारा असतील तर जास्तच. ड्राइव्ह (आवाज किती फाटवायचा ते) दहा-साडेदहा. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात ओढलं तर जरा गुरगुरतो, आणि हीच गोष्ट मला या पेडलमध्ये सगळ्यात आवडते, की बोटाच्या दाबाला ते उत्तर देतं.

आता ब्लेंड. हा नॉब समजला की पेडल समजलं. पूर्ण डावीकडे असेल तर ट्यूबवाला भाग बाजूला पडतो, मग ड्राइव्ह आणि प्रेझेन्स कितीही फिरवा काही फरक पडत नाही, आणि बरेच जण इथेच गोंधळून 'माझं पेडल बिघडलंय' म्हणतात. पूर्ण उजवीकडे म्हणजे सगळाच सॅन्सअँप. मधे कुठेतरी ठेवलं की तुमचा साधा सिग्नल आणि हा रंगवलेला सिग्नल एकत्र येतात. ड्राइव्ह वाढवला की कुठल्याही पेडलमध्ये खालचा भाग दबल्यासारखा होतो, तो स्वच्छ सिग्नलमधून परत मिळतो. सॉफ्ट गाण्यांच्या सेटला मी ब्लेंड अकराला ठेवतो, रॉक असेल तर दोन-अडीचला. एक करून बघा, घरी सेटिंग ठरवू नका. प्रॅक्टिसला सगळा बँड वाजत असताना एकाला रेकॉर्ड करायला सांगा, हॉलच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून, आणि ते ऐकून नॉब हलवा. एकट्याने ऐकताना जो बेस जरा नाकातून बोलल्यासारखा वाटतो तोच बँडमध्ये बरोबर बसतो.

स्टेजवर काय होतं ते सांगतो. बॅगेतून पेडल काढायचं, बेसची वायर इनपुटला, साउंडवाल्याला म्हणायचं "दादा, डीआय माझा आहे, नुसती एक्सएलआर द्या", तो एक्सएलआर (मिक्सरकडे जाणारी तीन पिनांची वायर) देतो, मी पेडलच्या बाजूला खुपसतो, तिकडून त्याने ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, म्हणजे त्याच वायरीतून येणारी वीज, चालू केलं की लाइट लागतो आणि झालं. अ‍ॅडाप्टर नको, एक्स्टेन्शन बोर्डावर जागा शोधायला नको. क्वार्टर इंचाच्या आउटपुटमधून दुसरी वायर स्टेजवरच्या अँपला. तो अँप कसाही असो, लोकांना जाणारा आवाज ठरलेला आहे. एकदा ऐन गाण्यात स्टेजवरचा अँप बंद पडला होता, मला मॉनिटरमधून थोडंफार ऐकू येत होतं तेवढ्यावर गाणं पूर्ण केलं, आणि नंतर खाली उतरल्यावर ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही पत्ता नव्हता. ज्या बेसिस्टवर अशी वेळ येऊन गेलीये त्याला याची किंमत कळेल.

पण इथे एक गोम आहे, ती नीट वाचा. पेडलवर फँटम आणि ग्राउंड कनेक्टचा एकच स्विच आहे. लाइनमध्ये हम्म असा आवाज येत असेल, जो वेगवेगळ्या प्लगवरून पॉवर घेतल्यामुळे ग्राउंड लूप होऊन येतो, तर हा स्विच बंद करून ग्राउंड तोडायचं, हम्म जातो. पण त्याचबरोबर फँटमही जातं. आणि आत बॅटरी नसेल तर पेडल मुकं होतं, कारण पॉवरशिवाय याच्या मुख्य आउटपुटमधून काहीच जात नाही, बंद ठेवलं तरी नाही. म्हणून फँटमवर वाजवत असलात तरी आत चांगली ९ व्होल्टची बॅटरी ठेवाच. आणि गिग संपल्यावर इनपुटची वायर काढून ठेवा, वायर आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

दुसरा तोटा. पेडल पायाने बंद-चालू केलं की आवाजाची पातळी बदलते, कारण चालू असताना तुम्ही ईक्यू (बेस, मिड, ट्रेबल) आणि ड्राइव्ह वाढवलेला असतो आणि बंद झालं की साधा सिग्नल जातो. लेव्हल नॉबने जुळवता येतं, पण ब्लेंड हलवला की परत बिघडतं. मी हे पेडल गाण्यामध्ये बंद करतच नाही, सुरू केलं की शेवटपर्यंत सुरू. तुम्हाला वेगवेगळे आवाज हवे असतील तर यांचंच तीन चॅनलवालं प्रोग्रामेबल मॉडेल आहे, ते बघा.

म्यूटची सोय नाहीये. ही मला खरंच खटकते, कारण दोन गाण्यांच्या मधे ट्यून करायचं तर ते सगळ्या हॉलला ऐकवत करायचं नाही. त्यामुळे आधी एक ट्यूनर पेडल लागतंच, मी बॉसचा टीयू-३ लावतो, पाय दिला की आवाज बंद आणि ट्यूनर चालू. बेस बदलतानाही तोच उपयोगी, नाहीतर वायर काढताना जो धप्प आवाज पीएमधून जातो त्याने साउंडवाला तुमच्यावर कायमचा खार खाऊन राहतो. हेडफोनची सोयही नाही, घरी रात्री प्रॅक्टिस करायला म्हणून घेत असाल तर हे ते यंत्र नव्हे.

अँपला जोडताना अजून एक. अँपच्या पुढच्या इनपुटला लावलं तर सॅन्सअँपचा रंग, त्यावर अँपच्या प्रीअँपचा रंग, दोन्ही मिळून आवाज बऱ्याचदा जाड आणि बंद होतो. अँपच्या मागे इफेक्ट रिटर्न असेल तर थेट तिथे लावा, प्रीअँप वगळला जातो, अँप फक्त ताकद देतो. ते नसेल तर अँपचे सगळे नॉब सपाट ठेवा. किंवा पेडलवरचं पॅरलल आउटपुट वापरा, त्यातून तुमच्या बेसचा साधा, न रंगवलेला सिग्नल अँपला जातो आणि रंगवलेला पीएला. घुमणाऱ्या स्टेजवर मला हे फार बरं पडतं. अँप असेल तर खुर्चीवर किंवा केसवर उचलून थोडा तिरका ठेवा, जमिनीवर ठेवलेला अँप तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही, आणि मग माणूस व्हॉल्यूम वाढवत सुटतो.

कोणी घेऊ नये? ज्यांची गिग्ज अशा जागी असतात की पीएमधून फक्त गाणं जातं आणि बेस अँपवरूनच ऐकवावा लागतो, त्यांचा प्रश्न या पेडलने सुटत नाही, त्यांना खरोखरचे वॉट आणि स्पीकरच लागणार, आणि तिथेही नुसत्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नका, दुप्पट वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल जास्त. एक कॅबिनेट वाढवणं बऱ्याचदा जास्त कामाचं, फक्त दोन ८ ओहमची जोडली की ४ ओहम होतात, तेवढं आपला हेड सोसतो का ते त्याच्या मागे लिहिलेलं वाचून घ्या. ज्यांना एकदम स्वच्छ आवाज हवा, ज्यांच्या बेसमध्येच चांगला अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप आहे, त्यांनी साधा डीआय घ्यावा, रेडियलचे पॅसिव्ह डीआय त्यासाठी नावाजलेले आहेत आणि त्यांना पॉवरही लागत नाही. एमएक्सआरचा एम८० हा याच जातीचा, त्यात क्लीन आणि डिस्टॉर्शन वेगवेगळे चॅनल आहेत आणि नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारी सोय) आहे. जास्त डिस्टॉर्शनवाल्यांना तो सोयीचा पडेल, मला मात्र सॅन्सअँपचा तो अर्धवट गुरगुरणारा मधला आवाज जास्त जवळचा वाटतो. बेहरिंगरचा बीडीआय२१ पण याच धाटणीचा, पण प्लास्टिकच्या बॉडीचा, शिकताना ठीक, स्टेजवर पायाखाली तुडवायचं असेल तर मी धातूचाच घेईन.

बांधणीबद्दल तक्रार नाही. नॉब मात्र छोटे आणि जवळजवळ आहेत, बॅगेत वायरीला घासून फिरतात आणि अंधाऱ्या स्टेजवर खुणा दिसत नाहीत. मी प्रत्येक नॉबच्या कडेला पांढऱ्या पेनाने बारीक रेघ मारलीये, आणि सेटिंगचा फोटो फोनमध्ये आहेच.

जुनं घेणार असाल तर आधी मिडचा नॉब आहे का ते बघा, म्हणजे व्हर्जन कळेल. मग प्रत्येक नॉब फिरवून खरखर येते का ऐका, एक्सएलआरची पिन हलवून बघा, आणि बॅटरी काढून नुसत्या फँटमवर लाइट लागतो का ते मिक्सरला जोडूनच तपासा.