किल स्विच बिघडला: साफ करावा, बदलावा की बिनदोरीचा घ्यावा?

नारळी पौर्णिमा झाली, शाकारलेली होडी उघडून पाण्यात लोटली, दोरीला हिसके देऊन देऊन खांदा भरून आला आणि मशीन काही सुरू होत नाही. पेट्रोल आहे, प्लग नवा आहे. अशा वेळी शेजारचा कोणीतरी येतो, वाकून बघतो आणि सांगतो, "ती लाल दोरीची वायर काढून टाक, काय होणा नाय." वायर काढली की पहिल्याच हिसक्याला मशीन सुरू होतं. सगळे खूश. ती वायर किल स्विचची असते: स्विचमधली क्लिप दोरीने चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची, म्हणजे तो पाण्यात पडला की क्लिप उपसली जाते आणि मशीन आपोआप बंद होतं. सोडवलेली वायर मग पुढची तीन वर्षं तशीच लोंबकळत राहते.

त्यामुळे स्विच साफ करणं, कंपनीचा नवा बसवणं, बाजारातला कुठलाही चालणारा बसवणं आणि दोरीऐवजी रेडिओवर चालणारं यंत्र घेणं या चार वाटांची तुलना खरं तर या पाचव्या, फुकटच्या वाटेशी आहे.

बिघाड कुठल्या बाजूचा

किल स्विच दोन तऱ्हांनी बिघडतो. एकात तो 'बंद कर' असंच सांगत बसतो, म्हणजे क्लिप जागेवर असूनही मशीन सुरू होत नाही किंवा लाटेच्या दणक्यासरशी मधेच बंद पडतं. याने डोकं फिरतं, धंदा बुडतो, पण जीव जात नाही. दुसऱ्यात क्लिप उपसली तरी मशीन चालूच राहतं. हा बिघाड कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण क्लिप उपसून बघतो कोण?

याचं कारण वायरिंगमध्ये आहे. आपल्याकडच्या बहुतेक आउटबोर्डांत, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या मशीनांत, यामाहाच्या एन्ड्युरोसारख्या साध्या टू-स्ट्रोकमध्ये तर नक्कीच, क्लिप निघाली की स्विचमधले दोन संपर्क एकमेकांना चिकटतात, सीडीआयकडून (ठिणगीची वीज पुरवणाऱ्या पेटीकडून) आलेल्या वायरला अर्थ मिळतो, म्हणजे ती इंजिनाच्या धातूला जोडली जाते, आणि ठिणगी मरते. मशीन बंद करायला जोडणी लागते. मग वायर आतून कुजून तुटली, तर बंद करण्याचा निरोप पोचणार कसा? म्हणून तुटलेल्या वायरीचं मशीन मस्त चालतं. बॅटरीवर ठिणगी चालणाऱ्या बऱ्याच इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) पेट्रोल इंजिनांत हे नेमकं उलट असतं: तिथे क्लिप निघाली की जोडणी तुटते, त्यामुळे कुजलेली वायर इंजिनच सुरू होऊ देत नाही.

२०१३ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळच्या खाडीत, एका वेगवान बोटीतून सहा जणांचं अख्खं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं. दोरी चालवणाऱ्याला बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्यावरूनच गेली आणि दोघांचा मृत्यू झाला. सुकाणू सुटलं की पंख्याच्या फिरण्यामुळे बोट एका बाजूला वळत राहते आणि पडलेल्या माणसाकडेच परत येते. देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात, जिथे एका वेळी दहा बोटी आणि त्यांच्या मधून पोहणारे पर्यटक असतात, तिथे असा गोल केवढा मोठा होईल याचा अंदाज तुमचा तुम्हीच करा. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या आणि ३ अश्वशक्ती किंवा त्याहून जास्त ताकदीच्या बोटीवर, बंद केबिनमधून चालवत नसाल तर, वेगात असताना ही दोरी किंवा तिचा रेडिओ-पर्याय वापरणं सक्तीचं झालं आहे.

आधी खात्री करा की दोष स्विचचाच आहे

निम्मे स्विच विनाकारण बदलले जातात असा माझा अनुभव आहे. ठिणगी येते का ते बघा, ठिणगी-टेस्टर असेल तर उत्तम. क्लिप जागेवर असूनही ठिणगी नसेल, तर इंजिनाजवळच्या जोडातून स्टॉपची वायर सोडवा. यामाहावर ती पांढरी असते, मर्क्युरीवर काळी-पिवळी. सोडवल्यावर ठिणगी आली, तर सीडीआय आणि कॉइल ठीक आहेत आणि दोष स्विचकडच्या बाजूला आहे. पण लगेच किल स्विचवर आळ घेऊ नका. रिमोटवर, म्हणजे सुकाणूशेजारच्या पेटीतून केबलने चालणाऱ्या बोटीत चावीचा स्विचही त्याच वायरवर असतो आणि चावी 'ऑफ'ला असताना तोही हेच अर्थ देण्याचं काम करतो. दोन्ही वेगवेगळे सोडवून बघा. चावीचा खराब स्विच असताना किल स्विच बदललेली बोट परत माझ्याकडेच येते, तेही शिव्यांसकट.

ही चाचणी करताना मशीन सुरू झालं तर ते स्विचने बंद होणार नाही. चोक ओढायचा किंवा इंधनाची नळी काढायची, हे हात लावण्याआधीच ठरवून ठेवा. आणि त्या पांढऱ्या वायरला गंमत म्हणूनही बारा व्होल्ट लावू नका. सीडीआय जाईल, आणि मग किल स्विचची किंमत चणे-फुटाण्यांसारखी वाटेल.

मग मल्टिमीटर घ्या. स्विच सोडवून दोन्ही टोकांना लावा. अर्थवाल्या प्रकारात क्लिप आत असताना मीटर गप्प, बाहेर काढली की वाजला पाहिजे. एकदा करून समाधान मानू नका. पंचवीस-तीस वेळा क्लिप काढा-घाला, वायर हलवा, स्विचवर बोटाने टिचक्या मारा. एकदाही मीटर अडखळला तर तो स्विच नापास.

साफसफाई

जून-जुलैच्या बंदीत आणि त्यापुढेही काही दिवस होडी जागेवर बसून असते, तेव्हा मीठ आणि दमट हवा स्विचच्या आत शिरते आणि तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड चढते. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून क्लिप बरेचदा आतबाहेर केली की असा स्विच अनेकदा जिवंत होतो. डब्ल्यूडी-४० मारणारेही बरेच आहेत. त्याने पाणी हटतं, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर रेती-मीठ चिकटतं.

माझ्या मते साफसफाई ही त्या दिवशी घरी परत येण्यासाठी. फार तर एक-दोन वर्षांचा स्विच असेल आणि वरच्या पंचवीस-तीस वेळांत एकदाही चुकला नसेल, तर चालवा. बहुतेक स्विच सीलबंद असतात. आतली स्प्रिंग ढिली झाली की नाही, ते फवाऱ्याला कळत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही.

कंपनीचा सुटा भाग

इथे पैसे जास्त जातात आणि वाट पाहावी लागते. हंगामात तर जास्तच, म्हणून मागवायचा तर मे महिन्यात होडी ओढतानाच मागवा. इंजिनाच्या कंसावरच्या पट्टीवरून मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून न्या, नुसतं "चाळीसचं यामाहा" सांगून दुकानदार काय देईल याचा भरवसा नाही. टिलरच्या (मशीनलाच जोडलेल्या दांड्याने वळवायच्या) मशीनवर हे काम अर्ध्या तासाचं आहे. पण यामाहाच्या ७०३ सारख्या रिमोट पेटीत स्विच पेटीतच असतो. पेटी उघडली की केबल आणि न्यूट्रलचा छोटा स्विच सगळं समोर येतं. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. हात बसलेला नसेल तर ही मजुरी देण्यासारखी आहे.

महाग असूनही मी याच्या बाजूने झुकतो, याचं मोठं कारण क्लिप आहे. आपल्या किनाऱ्यावर एकाच कंपनीची मशीनं ओळीने उभी असतात. समुद्रात क्लिप हरवली तर शेजारच्या होडीची मागून आणता येते. यामाहाची चिमट्यासारखी चपटी, मर्क्युरीची टोपीसारखी गोल, अशा त्या वेगळ्या असतात. आपलाच स्विच जगावेगळा असेल, तर मदतीला आलेल्याच्या खिशातली क्लिप काय कामाची?

बाजारातला सार्वत्रिक स्विच

हा स्वस्त असतो, लगेच मिळतो, आणि योग्य जोडला तर वाईट नाही. जुन्या मशीनला कंपनीचा भाग मिळतच नसेल, तर हाच उपाय. पण चुका करायला यात भरपूर जागा आहे. यातल्या बऱ्याच स्विचना टोकांच्या दोन जोड्या असतात: क्लिप निघाल्यावर जोडणारी एक आणि तोडणारी दुसरी. चुकीची जोडी धरली तर मशीन क्लिप आत असताना सुरू होत नाही आणि बाहेर असताना होतं. मग माणूस म्हणतो, "बरं चाललंय की," आणि दोरी खिशात ठेवून समुद्रावर जातो. पाकिटावरचं चित्र बाजूला ठेवा आणि मीटर लावून जोडी ओळखा.

दुसरी चूक जोडाची. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली, तर एका उन्हाळ्यात टेपचा चिकट लगदा होतो आणि खाली मीठ साठतं. कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर वापरा, क्रिंपिंग करा (जोडाची नळी पक्कडीने दाबून बसवा) आणि आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. हा खर्च धरला की स्वस्त स्विच तितकासा स्वस्त राहत नाही. दोन मशीनं असतील तर एका क्लिपने दोन्ही बंद व्हायला हवीत, पण दोघांच्या स्टॉप वायरी एकत्र बांधून नव्हे. त्यासाठी दुहेरी संपर्काचा स्विच मिळतो. जेट-स्कीवाल्यांनी या वाटेला जाऊच नये. सी-डूसारख्या ब्रँडची चावी इलेक्ट्रॉनिक असते आणि ती त्या यंत्राशी ओळख करून द्यावी लागते.

बिनदोरीचा

फेल मरीनचं एमओबी+ किंवा मर्क्युरीचं फर्स्ट मेट अशा यंत्रांत चालवणाऱ्याच्या मनगटावर किंवा गळ्यात एक छोटा बिल्ला असतो. तो पाण्यात गेला की रेडिओचा संपर्क तुटतो, कारण या लहरी पाण्यातून जात नाहीत, आणि इंजिन थांबतं. दोरी न बांधण्याचं आपल्या लोकांचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे दोरी अडकते. स्कूबाच्या बोटीवर सिलिंडर द्यायला उठायचं असतं, मासेमारीत जाळं ओढायचं असतं. तिथे हा बिल्ला खरोखर उपयोगाचा आहे.

पण जाहिरातीत एक गोष्ट ठळक लिहिलेली नसते: हे यंत्र जुन्या स्विचच्या जोडीला बसतं, त्याच्या जागी नाही. अर्थवाल्या प्रकारात ते त्याच स्टॉप वायरला समांतर जोडतात. ती वायर पुढे कुजलेली असेल, तर हजारो रुपयांचं यंत्रही तितकंच मुकं. म्हणजे बिघडलेला स्विच आणि वायर आधी बदला, मग हे घ्यायचं की नाही ठरवा. दोरीने सुरू होणाऱ्या, बॅटरी नसलेल्या होडीसाठी तर विषयच संपला. आणि इथे बिघडलं तर दुरुस्तीला कुठे पाठवायचं, हे विकणाऱ्याला आधीच विचारा.

मी काय निवडेन

बॅटरी नसलेल्या, टिलरवर चालणाऱ्या मासेमारीच्या होडीला कंपनीचा स्विच. तो मिळत नसेल तर सार्वत्रिक, पण नीट क्रिंप करून. पर्यटकांना नेणाऱ्या रिमोटच्या बोटीला कंपनीचाच, आणि चालवणारा सतत उठत असेल तर वर बिल्ला. फुकटची वाट फक्त भर समुद्रात अडकल्यावर, किनाऱ्याला लागेपर्यंत. तेव्हाही सोडवलेल्या वायरीला लाल चिंधी बांधा आणि त्याच संध्याकाळी स्विचच्या दुरुस्तीला लागा.

कुठलाही बसवलात तरी रोज सकाळी, खाडीतून बाहेर पडण्याआधी, मशीन मंद चालू ठेवून क्लिप उपसायची. बंद झालं तर निघायचं. आणि एक जादा क्लिप बोटीत, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी टांगायची. चालवणारा दोरीसकट पाण्यात पडला, तर मशीनची एकमेव क्लिप त्याच्याच मनगटाला असते आणि बोटीतल्या खलाशाला त्याला आणायला जाता येत नाही. मी ती सुकाणूशेजारी खिळ्याला लावतो. डब्यात ठेवली की त्या डब्यावर कोणीतरी बसलेलं असतं.