स्प्लिट जर्क की पॉवर जर्क? पाय कुठं टाकायचे ते आधी ठरवा

क्लीन झालं, बार खांद्यावर आला. आता तो डोक्यावर न्यायचाय, म्हणजे जर्क. तालमीतून वेटलिफ्टिंगकडे वळलेल्या जळगाव-धुळ्याच्या पोराला पॉवर जर्क जवळचा वाटतो. मांड्या बैठकांनी तयार असतात आणि पाय फारसे हलवावे लागत नाहीत: डिप (गुडघे थोडे वाकवणं), ड्राइव्ह (पायांच्या जोराने बार वर उडवणं), पाय किंचित फाकवून अर्ध्या बैठकीत बार झेलायचा, उभं राहायचं. पण बार दोन बोटं पुढे गेला तरी सावरायला पुढे-मागे आधार नाही. खांदे आखडलेले असतील तर शेवटी हात दाबून सरळ करावे लागतात, आणि पंच लिफ्ट बाद करतात. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहून खांदे दणकट होतात, मोकळे होतातच असं नाही!

स्प्लिटमध्ये एक पाय पुढे, एक मागे. बार थोडा इकडे-तिकडे गेला तरी निभावतं. शिकायला मात्र चिवट. सगळ्यांचं लक्ष पुढच्या पायाकडे, आणि घोळ होतो मागच्यात. तो आखूड पडला, की सगळं वजन पुढच्या गुडघ्यावर. मग बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "मांगला पाय कथा गया रे भाऊ?" पुढची नडगी उभी, मागची टाच वर, मागचा गुडघा जरा वाकलेला, असं हवं. शिवाय दोन्ही पाय एका रेघेत आले, तर दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखी गत होते. कंबरेएवढं अंतर राहू द्या. फरशीवर खडूने दोन रेघा मारून रिकाम्या बारने घटवा. उठताना आधी पुढचा पाय मागे, मग मागचा पुढे. उलटं केलं, की बारमागे धावावं लागतं.

मीराबाई चानूने टोकियोत ११५ किलो स्प्लिटनेच पेलले. ग्रीसचा पिरोस डिमास मात्र पॉवर जर्कवाला, आणि त्याची १९९२, १९९६, २००० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं. चिनी लिफ्टरांचा पूर्ण बैठकीतला जर्क व्हिडिओत बघावा. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

माझं मत स्प्लिटला. अपवाद एकच: रिकामा बार डोक्यावर धरून अर्ध्या बैठकीत थांबा. कंबर न वाकवता बार मानेच्या वर राहिला, तर पॉवर जर्क खुशाल निवडा. आणि दोन्हींत पाय जोरात आपटल्याचे वेगळे गुण नाहीत. पाय लवकर जागेवर पोचला पाहिजे, आवाज नाही आला तरी चालेल.