‘मी’ की ‘तो’: कथा कोणाच्या तोंडून सांगायची?

कथानक, पात्रं, संघर्ष, वातावरण अशी कथेच्या घटकांची यादी करताना निवेदक बहुधा शेवटी आठवतो. लिहायला बसलं की मात्र त्याचा निकाल सगळ्यात आधी लावावा लागतो, आणि मराठीत तर पहिल्या क्रियापदालाच. ‘मी घरी गेलो’ म्हणायचं की ‘मी घरी गेले’? सांगणारा पुरुष आहे की बाई, हे लगेच उघड होतं. लपवायचंच असेल तर ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’ अशा वाक्यांच्या आडोशाने काही काळ निभावतं. पण ‘मी उठलो’ किंवा ‘मी उठले’ कधीतरी लिहावंच लागतं.

आता एकच प्रसंग दोन्ही प्रकारे लिहून बघू. वडिलांचं घड्याळ घरातून नाहीसं झालंय.

‘खण उघडला. घड्याळ नव्हतं. खण बंद करून पुन्हा उघडला, जसं काही दुसऱ्या खेपेला ते सापडणारच होतं. सुधीर दारात येऊन म्हणाला, “काय शोधतोयस?” आवाज नेहमीसारखाच. मला तो जरा जास्तच नेहमीसारखा वाटला.’

‘अविनाशने खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. “काय शोधतोयस?” दारातून सुधीरने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत खिशातली पावती बोटांनी चुरगळली.’

पहिल्यात वाचकाच्या हाती फक्त संशय लागतो, कारण ‘मी’ला भावाच्या खिशातलं दिसत नाही. दुसऱ्यात चोर कळलाय, अविनाशला मात्र नाही. पुढची ओढ चोर कोण याची राहत नाही, हे बिंग फुटणार कधी याची राहते. म्हणजे सर्वनाम बदललं आणि कथानकही बदललं. वाचकाला पात्राइतकंच कळू द्यायचंय की पात्रापेक्षा जास्त, हे आधी ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

नवे लेखक ‘मी’कडे वळतात, कारण तो सोपा वाटतो. माझ्या मते तोच अवघड. ‘मी’ला प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी हजर राहावं लागतं. मग दाराआडून ऐकणं, नेमकी वेळेवर सापडणारी डायरी, सगळं येऊन सांगणारा मित्र असल्या कसरती सुरू होतात. शिवाय हा ‘मी’ कधी बोलतोय, त्याच रात्री की वीस वर्षांनी? वीस वर्षांनी बोलणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, तो वाचकापासून का लपवतोय याला कारण लागतं. बदल्यात ‘मी’ खोटं बोलू शकतो, स्वतःशीसुद्धा. अशा निवेदकाला वेन बूथ या समीक्षकाने १९६१ मध्ये ‘अविश्वसनीय’ हे नाव दिलं. कथेची गंमत सांगणाऱ्याच्या आंधळेपणात असेल तर दुसरा पर्याय शोधूच नका. आणि ‘मी’ म्हणजे लेखक नव्हे. हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही अख्खी कादंबरी यमू या नायिकेच्या तोंडून सांगितली.

तृतीयपुरुषीत, म्हणजे ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणून सांगताना, मोकळीक जास्त, आणि घसरायच्या जागाही जास्त. सर्वसाक्षी निवेदक कोणाच्याही मनात शिरतो. पण एकाच परिच्छेदात आधी अविनाशच्या, मग सुधीरच्या, मग शेजारणीच्या डोक्यात डोकावलं की वाचकाला कोणाजवळ थांबावं ते कळत नाही. म्हणून बरेच जण मधली वाट धरतात: सर्वनाम ‘तो’, नजर मात्र एकाच पात्राची. ‘सुधीर दारातच थबकला. याला कळलं की काय? आता काय सांगायचं?’ हे शेवटचे दोन प्रश्न निवेदकाचे नाहीत, सुधीरचे आहेत, पण ‘असा विचार त्याच्या मनात आला’ असं शेपूट लावावं लागलं नाही. बोलतो कोण आणि पाहतो कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं झेरार झनेत या फ्रेंच समीक्षकाने १९७२ मध्ये मांडलं, ते इथे चटकन पटतं.

आपल्या भाषेची एक खास अडचणही इथेच येते. ‘मास्तर आला’ की ‘मास्तर आले’? ‘मी’ सांगत असेल तर तो त्याचा राग किंवा आदर, वाचक त्याच्या खात्यावर टाकतो. सर्वसाक्षी निवेदकाने ‘आला’ म्हटलं तर तो तुच्छपणा कोणाचा? एकदा ‘आला’ किंवा ‘आले’ निवडलं की कथा संपेपर्यंत तेच चालवावं लागतं. ‘म्हणे’ या शब्दाचंही तसंच. ‘तो म्हणे परदेशी गेला’ असं ‘मी’ बिनधास्त म्हणून हात झटकतो, पण सर्वज्ञ म्हणवणाऱ्याने ‘म्हणे’ म्हटलं की त्याचं सर्वज्ञपण गेलंच.

मग घ्यायचं काय? एकच पात्र, त्याची बोलण्याची खास ढब आणि त्याला न दिसणारं सत्य असेल तर ‘मी’. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी काही घडत असेल, किंवा मुख्य पात्र शेवटी मरणार असेल, तर ‘तो’. पहिलीच कथा असेल आणि काहीच ठरत नसेल तर एका पात्राला चिकटलेली तृतीयपुरुषी घ्या. तरीही मन ‘मी’कडेच ओढ घेत असेल, तर लिहिलेल्या पहिल्या पानावरचा प्रत्येक ‘मी’ खोडून तिथे पात्राचं नाव घाला आणि क्रियापदं जुळवा. पान जसंच्या तसं चाललं, कुठेच काही खटकलं नाही, तर त्या ‘मी’ला स्वतःचा आवाज अजून मिळालेलाच नाही.