भुसावळचा मे महिना काढलेला रायझन ५ ५६००

हिवाळ्यात बसवलेल्या एएमडीच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरबद्दल उन्हाळा सरल्याशिवाय काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आमच्याकडे कूलर असो, विहिरीवरची मोटर असो की कॉम्प्युटर, त्याचा कस मे महिन्यातच लागतो. आता पाऊस सुरू झालाय आणि मशीन धडधाकट आहे, म्हणून हा अनुभव.

आधी जुनी मांडणी सांगतो, कारण सल्ला तिच्यावरच अवलंबून आहे. बी४५० मदरबोर्ड, २०१८ सालचा रायझन ५ २६००, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पीचा १४४ हर्ट्झ मॉनिटर. खान्देशात अशा मशिनी घरोघरी निघतील. कार्ड मागाहून बदललेलं, प्रोसेसर तोच जुना. तक्रार एकच होती. व्हॅलोरंट या गेममध्ये सेकंदाला फ्रेमचा आकडा एरवी दीडशेच्या वर, पण दोन-तीन जण एकदम अंगावर आले, त्यात धूर सोडला, की चित्र अडखळायचं. नेमकं गोळी मारायच्या वेळी.

पैसे टाकण्याआधी एक फुकटची तपासणी प्रत्येकाने करावी. आफ्टरबर्नर (कार्डावरचा ताण दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून खेळा आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबतंय ते बघा. मग गेमचं रिझोल्युशन खाली आणा. व्हॅलोरंटमध्ये माझं कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास निवांत बसलेलं होतं आणि ७२०पीवर आणूनही फ्रेम हलल्या नाहीत. म्हणजे अडवणूक प्रोसेसरची. सायबरपंक २०७७ मध्ये मात्र कार्ड शंभर टक्क्यांना टेकलेलं, रिझोल्युशन उतरवलं की फ्रेम लगेच वर. तिथे कितीही भारी प्रोसेसर घातला तरी हाती काही लागणार नव्हतं. तुम्ही फक्त असलेच गेम खेळत असाल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पैसे कार्डासाठी साठवा.

पर्याय तीन होते. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जायचं, तर बोर्ड नवा, रॅमही डीडीआर५, म्हणजे अर्धी मशीनच नवी. तो विषय घरी काढलासुद्धा नाही. दुसरा ५७००एक्स३डी. आठ कोअर, ९६ एमबी एल३ कॅश (कोअरजवळची झटपट मेमरी), गेमसाठी जोरदार चीज, यात वाद नाही. पण मी बघितलं तेव्हा किंमत ५६०० च्या जवळपास दुप्पट, बॉक्समध्ये कूलर नाही आणि १०५ वॅटचा. शिवाय त्यात जादा कॅशचा थर कोअरच्या चिपवर चढवलेला असतो, त्यामुळे आतली उष्णता बाहेर काढणं आणखी अवघड. पुण्यात एसीच्या खोलीत बसणाऱ्याने तो जरूर घ्यावा. स्लॅबखालच्या खोलीत, आरएक्स ६६०० सोबत आणि १४४ हर्ट्झच्या पडद्यावर मला त्याचा अर्धा फायदासुद्धा दिसला नसता.

राहिला ५६००. कोअर जुन्याइतकेच, सहा. वॅटही तेच, ६५. मित्राने विचारलंच, "काय भो, सहाचे सहाच, मग पैसे कशाचे?" फरक आतल्या रचनेत आहे. २६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट आणि प्रत्येकाकडे स्वतःची ८ एमबी कॅश. एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असलं की वळसा घालून जावं लागतं. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबीवर बसतात. वेग ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो तो वेगळा.

खरेदीला गेलात की शेवटच्या अक्षरावर नजर ठेवा. एका दुकानात मला ५६००जी पुढे केला, "तोच आहे, वर ग्राफिक्स फुकट" म्हणत. तोच नाही. जी मध्ये एल३ कॅश निम्मी, १६ एमबी. ५५०० मध्येही तेवढीच. वेगळं कार्ड असणाऱ्याने साधा ५६०० घ्यावा. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड बिघडलं की पडदा काळा, एवढं लक्षात असू द्या. आणि स्वस्तात बिनबॉक्सचा ट्रेमधला माल मिळतो, त्याची वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या.

बायोसचं (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरचं) काम जुना प्रोसेसर बसलेला असतानाच उरकायचं असतं. बी४५० बोर्डाला ५००० मालिका ओळखण्यासाठी नवं बायोस लागतं. ते न टाकता प्रोसेसर बदलला तर पडद्यावर काहीच येणार नाही. बायोस भरताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो, आणि आमच्याकडची लाईट कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येणार नाही. म्हणून मशीन यूपीएसवर, यूपीएस पुरता चार्ज, आणि वेळ सकाळची. बायोस निवडताना त्यात एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ किंवा त्यापुढची आवृत्ती आहे ना ते बघा. त्याआधीच्या बायोसमध्ये एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीमुळे) मशीन मधूनच क्षणभर अडकायची. एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य करून दुरुस्ती दिली.

बसवताना भीती एकाच गोष्टीची. एएम४ मध्ये, म्हणजे आपल्या या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात आणि कूलरखालची जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही त्याला चिकटून उपटून येतो. थोडा वेळ गेम चालवून मशीन गरम करायची, बंद करून प्लग काढायचा, मग कूलर अलगद डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. स्क्रू काढले की बोर्डामागची पट्टी निसटते, ती मागून हाताने धरून ठेवा. सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) परत चालू करा. बायोस भरलं की ते बंद होतं आणि ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रेंगाळत राहते. अपग्रेड करून फरकच पडला नाही म्हणणाऱ्या एका दोस्ताकडे नेमकं हेच निघालं.

फरक किती? व्हॅलोरंटमध्ये सरासरी तीनशेच्या घरात गेली, पण माझ्या लेखी तो मोठा आकडा बिनकामाचा आहे, पडदा १४४ चाच. खरी कमाई तळाच्या आकड्यात. गर्दीच्या क्षणी पूर्वी ऐंशी-नव्वदवर आदळणाऱ्या फ्रेम आता १४४ च्या खाली क्वचित येतात. काउंटर-स्ट्राइक २ मध्येही असंच. जीटीए ५ मध्ये शहरातून भरधाव गाडी हाकताना लागणारे हिसके गेले. सायबरपंक जिथे होता तिथेच आहे.

आता मे. जानेवारीत बॉक्समधल्या रेथ स्टेल्थ कूलरवर खेळताना प्रोसेसर पासष्टच्या आगेमागे असायचा. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला आणि दुपारी खोली चाळीसच्या घरात गेली, तेव्हा तोच ८३-८४ दाखवायला लागला. पंखा खोलीतलीच हवा मारणार, खोली दहा अंशांनी तापली की चिपही तेवढी वर चढणारच. याची मर्यादा ९० अंशांची आहे, म्हणजे धोका नव्हता, पण पंख्याचा आवाज असा की हेडफोन काढला तर गिरणीत बसल्यासारखं वाटे. मग बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (चिपचं व्होल्टेज उतरवणारी सेटिंग) उणे १५ वर नेला. सहा-सात अंश उतरले, फ्रेम होत्या तशाच. प्रत्येक चिप वेगळी असते, त्यामुळे उणे ५ पासून सुरू करून दोन-चार दिवस वापरत पुढे सरका. मशीन आपोआप रीस्टार्ट झाली तर एक पायरी मागे या.

डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. हवा गार लागते, पण ती ओलीही असते आणि वाळ्याचा कचरा घेऊन येते. त्याहून वाईट कापसाचा हंगाम. आमच्या भागात जिनिंग सुरू झाल्या की हवेत जे बारीक तंतू उडतात, ते पुढच्या जाळीवर नमद्यासारखे जमतात. दिवाळीनंतर जाळी महिन्यातून एकदा काढून झटका. पंक्चरवाल्याच्या नळीने हवा मारू नका, त्यात पाणी येतं.

६५ वॅटचा आणखी एक फायदा लाईट गेल्यावर कळतो. हे कार्ड आणि हा प्रोसेसर मिळून मशीन भर गेममध्येही ६०० व्हीए, म्हणजे साधारण ३६० वॅटच्या यूपीएसवर तग धरते. मॅच पूर्ण होत नाही, पण सोबत्यांना "लाईट गेली" सांगून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्यामागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाईन बदलताना मशीन रीस्टार्ट होते.

एक नाराजी आहेच, बॉक्समधला कूलर. थंडीत चालून जातो, खान्देशच्या उन्हात आवाजाने डोकं उठवतो. जूनमध्ये चार हीटपाइपांचा साधा टॉवर कूलर बसवला, तेव्हा खोली शांत झाली. तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. तो धरूनही मला ५७००एक्स३डीपेक्षा कमीच पडला.