'ब्लू मून' आणि कपिलाषष्ठी
इंग्रजी वाक्प्रचारांचा हा मराठी कोश मी गेले वर्षभर भाषांतराच्या कामात रोज वापरतो आहे आणि 'वन्स इन अ ब्लू मून' या एका नोंदीसाठीही तो संग्रही ठेवावा, असे मला मनापासून वाटते. 'क्वचित' एवढ्यावर न थांबता कोशकार 'कपिलाषष्ठीचा योग' सुचवतात. मात्र कपिलाषष्ठीत योग जुळून आल्याचे अप्रूप असते, तर इंग्रजी प्रयोग 'तो कधीतरीच फोन करतो' अशा साध्या तक्रारीतही चालतो, हा भेदही ते उदाहरणासह उलगडतात. महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, हा अर्थ १९४६ मध्ये एका अमेरिकी खगोल मासिकातील चुकीतून रूढ झाला, हे मात्र नोंदीत यायला हवे होते. छपाई सुबक आहे. बांधणी सहा महिन्यांतच उसवली.