जुन्या गेमची डिस्क घ्यावी की डाउनलोड? आधी कॉपी प्रोटेक्शन बघा

जुन्या पीसी गेमची सीडी-डीव्हीडी खेळण्यासाठी घेणार असाल, तर ती किती चकचकीत आहे यापेक्षा तिच्यावर कोणतं कॉपी प्रोटेक्शन (नक्कल रोखणारी यंत्रणा) आहे ते विचारा.

सगळ्यात जास्त भेटतं ते सेफडिस्क. 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' (२००५) याच जातीचा. यात गेमची मुख्य फाइल एन्क्रिप्ट केलेली असते आणि डिस्कवरचे काही सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) मुद्दाम असे छापलेले असतात, की साध्या सीडी रायटरला ते हुबेहूब उतरवता येत नाहीत. ती खूण पटली तरच फाइल उघडते. या तपासणीला लागणारा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे त्यातली त्रुटी म्हणजे अख्ख्या मशीनला धोका. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला जागाच दिली नाही. सप्टेंबर २०१५च्या अपडेटने तो व्हिस्टा, ७ आणि ८ वरही बंद केला. निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होता, पण त्याने या डिस्क चालेनाशा झाल्या आणि भुर्दंड पडला तो पैसे मोजून अस्सल डिस्क घेतलेल्यांना. याचा मला आजही राग येतो.

सोनीच्या सिक्युरॉमची पुढची रूपं डिस्कवर सेक्टर प्रत्यक्ष कुठे पडलेत तेच मोजतात. एका सेक्टरवरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ कॉपीत बदलतो, डेटा तोच असला तरी. यातल्या काही डिस्क आजही चालतात, म्हणून विकणाऱ्याकडे चालवून बघायचा आग्रह धरा. मात्र ऑनलाइन ॲक्टिव्हेशनवाल्या, म्हणजे इंटरनेटवरून मोजक्याच वेळा परवानगी देणाऱ्या, टाळा. 'स्पोर'ला (२००८) सुरुवातीला फक्त ३ ॲक्टिव्हेशन होती, ओरड झाल्यावर ५ झाली. सेकंडहँड प्रतीत त्यातली किती उरलीत, हे बॉक्सवरून कळत नाही.

स्टारफोर्सची डिस्क खेळण्यासाठी घेऊच नका. तोही सेक्टरांची जागा मोजतो, वर स्वतःचे ड्रायव्हर विंडोजमध्ये घुसवतो, आणि ते जुने ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. युबिसॉफ्टनेही २००६ मध्ये त्याला रामराम ठोकला.

विंडोज १० किंवा ११ असेल, तर गेम आधी जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर शोधा. तिथे डीआरएम, म्हणजे असलं कुठलंही डिजिटल कुलूप, नसतं, इन्स्टॉलर आपल्या हार्डडिस्कवर ठेवता येतो आणि 'स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी'सारखा मूळचा स्टारफोर्सवाला गेमही तिथे मिळतो. 'मोस्ट वाँटेड' मात्र तिथे नाही. अशा गेमसाठी डिस्क घ्याच, पण सोबत विंडोज एक्सपीचा जुना पीसी हवा, आणि त्याला इंटरनेट जोडू नका.