रेकन, गेस की थिंक: इंग्रजी बोलताना कोणतं वापरावं?

नोकरीसाठी मँचेस्टर किंवा मेलबर्नला गेलेल्या माणसाच्या कानावर लवकरच ‘व्हॉट डू यू रेकन?’ पडतं. ‘आय थिंक’ आपण शाळेत शिकलेलो असतो, ‘आय गेस’ अमेरिकी मालिकांमधून उचललेलं असतं. तिन्हींचा ढोबळ अर्थ ‘मला वाटतं’. मग आपण कोणतं वापरायचं?

‘रेकन’चा जुना अर्थ मोजणं, हिशेब करणं. आपणही ‘माझ्या हिशेबाने पाऊस पाचपर्यंत थांबेल’ म्हणतो, तेव्हा आकडेमोड थोडीच केलेली असते! ‘आय रेकन इट्ल स्टॉप बाय फाइव्ह’चा सूर नेमका असाच आहे: अनुभवावरून बांधलेला, बऱ्यापैकी खात्रीचा अंदाज. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हे रोजच्या बोलण्यातलं क्रियापद आहे, ऑफिसातल्या गप्पांतही सहज चालतं. अमेरिकेत मात्र त्याला दक्षिणेकडच्या राज्यांचा, ग्रामीण बोलीचा वास येतो. सिएटलच्या ऑफिसात नव्याने आलेला मराठी माणूस ‘आय रेकन’ म्हणाला, तर ते उसनं वाटेल. शिवाय सूर ओळखायला हवा. नुसतं ‘यू रेकन?’ असं कोणी विचारलं, तर तो बहुधा आपल्या म्हणण्यावर शंका घेत असतो.

‘आय गेस’ आज अमेरिकी वाटतं, पण १४व्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीच्या लिखाणातही ते सापडतं. माझ्या मते तिघांत फसवं हेच. त्यात अंदाजाइतकीच अनिच्छाही असू शकते. साहेबांनी शनिवारी येशील का विचारलं आणि आपण ‘आय गेस सो’ म्हटलं, तर ते ‘येतो, आता काय करणार’ असं ऐकू जातं. मुलाखतीत ‘आय गेस आय कॅन डू इट’ म्हणणं तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेणं आहे. तिथे ते टाळाच.

‘आय थिंक’ कुठेही चालतं. फक्त ‘थिंक’वर जोर दिला की खात्री कमी होते, हे लक्षात ठेवावं. आणि आपली ‘आय अ‍ॅम थिंकिंग दॅट’ची सवय सोडावी; मत सांगताना साधं ‘आय थिंक’ पुरतं. ‘आय अ‍ॅम रेकनिंग’ तर कोणी म्हणतच नाही.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात किंवा औपचारिक ईमेलमध्ये मत मांडायला ‘आय रेकन’ आणि ‘आय गेस’ दोन्ही नकोत. ‘अ फोर्स टू बी रेकन्ड विथ’ (जिची दखल घ्यावीच लागते अशी ताकद) हा वाक्प्रयोग वेगळा, तो लिखाणातही शोभतो.

तेव्हा अमेरिकेला जाणाऱ्याने ‘रेकन’ नुसतं ओळखता आलं तरी पुरे. ऑस्ट्रेलिया-ब्रिटनला जाणाऱ्याने सुरुवातीला ‘रेकन’मध्ये आलेल्या प्रश्नाला ‘आय थिंक’ने उत्तर द्यावं, ते कोणालाच खटकत नाही. पुढे सहकाऱ्यांत रुळल्यावर ‘रेकन’ आपसूक तोंडात बसलं, तर खुशाल बसू द्यावं.